आदर्श गृहिणीच्या ओळींखाली

परवा एका शिबिराचं बोलावणं आलं. विषय होता ‘नवोदित लेखकांमध्ये सर्जनशीलता कशी फुलवावी’. फुलवावी म्हणे! शेवंती आहे का ती? मी तब्येतीचं कारण सांगून नकार कळवला. तब्येत ठणठणीत आहे माझी. पण हा विषय निघाला की मला खरोखर मळमळतं, आणि मळमळणाऱ्या माणसानं व्यासपीठावर बसू नये.

ही मळमळ जुनी आहे, दुसऱ्या महायुद्धाच्या, लढाईच्या वर्षांतली. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि नगरला बायकांच्या ट्रेनिंग स्कूलात मराठी शिकवत होते. ट्रेनिंग स्कूल म्हणजे प्राथमिक शाळेच्या मास्तरणी तयार करायची जागा. सातवी पास झालेल्या बायका यायच्या, एक वर्ष शिकायच्या, सर्टिफिकेट मिळालं की कुठल्यातरी गावी नोकरीला लागायच्या. काही माझ्यासारख्या मिशनच्या वसतिगृहात वाढलेल्या ख्रिस्ती मुली, बाकीच्या खेड्यापाड्यांतल्या कुणब्यामराठ्यांच्या विधवा. बऱ्याच जणी माझ्याहून वयानं मोठ्या. तरी बाईनं विद्यार्थिनीला अगंतुगं करायचं अशी तिथली रीत होती. मुख्याध्यापिकेला सगळ्या ‘मोठ्या बाई’ म्हणत आणि मला ‘धाकट्या बाई’.

माझ्याकडे निबंधाचा तास होता. पहिल्याच आठवड्यात मी ‘माझे गाव’ हा विषय दिला आणि अठ्ठावीस वह्या तपासायला घेतल्या. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस गावांना नदी! अहो, त्यांतल्या निम्म्या बायका पाथर्डी-जामखेडकडच्या. तिकडे उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याला कोसभर जावं लागतं. तरी प्रत्येकीच्या गावातून ‘रजतप्रवाहासम झुळझुळ वाहणारी सरिता’ जात होती, तिच्या तीरावर उपवन होतं आणि उपवनात कोकिळा कूजन करत होती. दहाव्या वहीपाशी मला वीट आला. विसाव्या वहीपाशी ती कोकिळा हातात सापडती तर मी तिची मान मुरगळली असती.

चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. वसतिगृहात एक हातानं लिहिलेली नमुन्याची वही होती. दरवर्षी जाणाऱ्या बायका ती येणाऱ्या बायकांना देऊन जायच्या. त्यात ‘माझे गाव’, ‘गोमाता’, ‘वसंत ऋतू’, ‘आदर्श गृहिणी’ असे पंधरावीस निबंध होते. कधीतरी कोण्या मास्तरांनी फळ्यावर लिहून दिलेले. सगळ्याजणी ते उतरवून घेऊन पाठ करत, परीक्षेत तेच ओकत आणि पास होत. मी ती वही मागून घेतली. तेलाचे डाग, हळदीची बोटं, पानांना खोबरेलाचा आणि घामाचा वास. वाचून झाल्यावर मी हात धुतले. खोटं नाही सांगत, उठून मोरीवर जाऊन साबणानं धुतले.

वही जाळावी असं मनात आलं होतं. पण जाळून काय उपयोग? ती तर सगळ्यांना तोंडपाठ. मी कोरा कागद पुढे टाकून ‘आता मनानं लिहा’ म्हटलं, तर बायका माझ्या तोंडाकडे बघत बसल्या. एक धीट होती ती म्हणाली, ‘मनानं म्हंजी काय लिवायचं वो बाई?’ मी म्हटलं, ‘तुला जे वाटतं ते.’ त्यावर ती म्हणाली, ‘मला काय बी वाटत न्हाई.’ सगळ्या हसल्या, आणि माझा तास गेला.

त्यात लढाईमुळे कागद मिळत नव्हता. रॉकेल नाही, साखर नाही, तसा कागदही नाही. कपाटात आदल्या वर्षीच्या निबंधाच्या वह्यांचा गठ्ठा पडला होता. त्या वह्यांत एक ओळ सोडून लिहायची पद्धत होती, बाईंना दुरुस्तीला जागा राहावी म्हणून. पाठ केलेल्या निबंधात दुरुस्ती कशाला लागतेय? त्यामुळे त्या मधल्या ओळी सगळ्या कोऱ्या होत्या. त्या चाळताना मला युक्ती सुचली. मी एकेकीला एकेक जुनी वही दिली आणि सांगितलं, ‘वरची ओळ मोडायची नाही. तिच्या खाली आपली ओळ लिहायची. वरची ज्या गोष्टीबद्दल बोलते, त्याच गोष्टीबद्दल खालची बोलणार. पण खालची ओळ डोळ्यांनी पाहिलेली पाहिजे. वरचीशी भांडलात तरी चालेल.’

भांडायचं म्हटल्यावर बायकांचे चेहरे उजळले. कोऱ्या कागदाशी काय बोलायचं हे त्यांना कळत नव्हतं, पण समोर कोणी खोटं बोलतंय म्हटल्यावर त्यांना बरोबर तोंड फुटलं. ‘रजतप्रवाहासम सरिते’च्या खाली एकीनं लिहिलं, ‘आमची नदी पोळ्यापासून दिवाळीपर्यंत असते. मग बाया तिच्यात वाळू उकरून पाणी काढतात.’ कोपरगावची होती तिनं लिहिलं, ‘गोदावरी चांगली आहे पण पुरात आमचा उकिरडा घेऊन गेली, त्या वर्षी शेताला खत नाही.’ ‘गोमाता आम्हांस मातेसमान प्रिय आहे’ ह्याच्या खाली एका विधवेनं लिहिलं, ‘आमची गाय लाथाळ आहे. तिनं माझ्या सासूला पाडलं तेव्हापासून ती मला आवडते.’ तो वर्ग इतका हसला की मोठ्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

तास संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. ‘ह्याला काय निबंध म्हणतात? उचलली जीभ, लावली टाळ्याला! फाल्गुनात शिक्षण खात्याचे साहेब येतील तपासणीला, त्यांना काय दाखवणार आहेस? सासूला पाडणारी गाय?’

‘दाखवीनच,’ मी म्हटलं. तेवीस वर्षांची होते मी. शिंगं फुटायचंच वय ते. आपण काहीतरी अपूर्व करतोय, महाराष्ट्रात हे आजवर कोणी केलं नाही, असं मला वाटायला लागलं होतं. आता आठवलं तरी लाज वाटते.

वर्गात एक पाथर्डीकडची बाई होती. पंचविशीची, उंच, कपाळ मोकळं. बोलताना पदर तोंडाशी धरायची. तिचा भाऊ गावातल्या शाळेत मास्तर होता. लग्नाआधी त्यानं हट्टानं तिला सातवी पास करवली होती आणि आता त्यानंच तिला नगरला आणून सोडलं होतं. रजिस्टरात तिच्या नावापुढे ‘विधवा, चार वर्षे’ असं भावाच्या अर्जावरून लिहिलेलं होतं. आमच्याकडे नियमच असा, की नवरा हयात असेल तर प्रवेशाला नवऱ्याची सही लागायची. विधवेला बापाची किंवा भावाची चालायची. अर्जात खोटं निघालं तर नाव कमी. ती कधी फारसं बोलली नाही. एकदा मात्र विहिरीवर मला म्हणाली, ‘बाई, ह्ये सर्टिफिकीट गावलं ना, की मला कुनाच्या दारात बसाया नको. न्हाईतर भाऊजय कवर ठिवून घेईल? परत तिकडंच जावं लागंल.’ मला वाटलं, तिकडं म्हणजे दिराच्या घरी. पुढे विचारलं नाही. सर्टिफिकेटासाठी साहेबांची सही लागे आणि सही करण्याआधी साहेब वह्या बघत, हे तिला माहीत होतं. म्हणून ती निबंध जीव तोडून घोकायची.

तिच्या वाट्याला ‘आदर्श गृहिणी’ची वही आली होती. चार दिवस तिनं वही दिली नाही. पाचव्या दिवशी वर्ग रिकामा झाल्यावर ती पदराखाली धरून घेऊन आली. म्हणाली, ‘बाई, तुमीच वाचा हां. दुसऱ्या कुनाला दावू नगा.’

‘नाही गं दाखवत,’ मी म्हटलं. तेव्हा मी फळा पुसत होते. तिच्याकडे मान वळवूनही बघितलं नाही.

संध्याकाळी ओसरीवर बसून मी ती वही उघडली. वरच्या ओळी निळ्या, कोण्या आदल्या वर्षीच्या बाईच्या वळणदार अक्षरातल्या. खाली हिच्या ओळी शिसपेन्सिलीनं, दाबून लिहिलेल्या. वर होतं, ‘गृहिणी ही घराचा आधारस्तंभ होय.’ खाली हिनं लिहिलं होतं, ‘घराच्या मेढीला कोणी लाथ मारत नाही, घर पडेल म्हणून.’ वर, ‘ती पहाटे सर्वांच्या आधी उठते.’ खाली, ‘आधी उठलं की बरं असतं. जात्याच्या आवाजात रडता येतं.’ वर, ‘तिच्या मुखावर सदैव स्मित विलसत असते.’ खाली, ‘मालकांनी दात पाडल्यापासून मी तोंड मिटून हसते.’ वर, ‘अतिथी दारी आला असता ती त्याचे आनंदाने स्वागत करते.’ खाली, ‘गेल्या सालच्या माघात मालक दुसरी घेऊन आले. भाकरतुकडा ओवाळायला घरात दुसरं कोणी नव्हतं. मीच ओवाळला.’ शेवटची ओळ होती, ‘अशा गृहिणीमुळे घर स्वर्गतुल्य होते.’ तिच्या खाली काहीच लिहिलेलं नव्हतं. जागा कोरी.

मी उभी राहिले. परत बसले. परत वाचलं. आणि मला काय वाटलं सांगू? आनंद झाला! माझी युक्ती फळाला आली, असं वाटलं. काय वाक्यं आहेत, काय धार आहे, असं मी मनाशी घोळवत बसले. चार वर्षांपूर्वी मेलेला नवरा गेल्या सालच्या माघात दुसरी बायको कशी आणील, हा प्रश्न पहिलीतल्या पोरीला पडला असता. मला पडला नाही. मी त्या वहीच्या शेवटी तांबड्या शाईनं ‘फार सुंदर’ असं लिहिलं. फार सुंदर! दात पाडल्याला, सवत ओवाळल्याला फार सुंदर! आजही तांबडी शाई बघितली की मला ते दोन शब्द दिसतात आणि शिसारी येते.

फाल्गुनात साहेब आले. किल्ल्यात काँग्रेसचे पुढारी कोंडलेले असल्यामुळे त्या वर्षी नगरात एकेक साहेब येतच होते, पण हे आमच्या खात्यातले, आपलेच मराठी गृहस्थ. गळाबंद कोट, धोतर, डोक्यावर टोपी. तपकीर ओढायचे आणि बोटाला थुंकी लावून पानं उलटायचे. तपकिरीनं पिवळी झालेली ती बोटं जिभेला लावायची आणि मग आमच्या बायकांच्या वह्यांना. दोन वाजले होते, पत्रा तापला होता, अठ्ठावीस बायका सतरंजीवर घाम पुसत बसलेल्या. मोठ्या बाई रजिस्टर घेऊन साहेबांच्या उजव्या हाताला. टेबलावर वह्यांचा गठ्ठा मी ठेवला.

आणि सगळ्यांत वर पाथर्डीवालीची वही मी ठेवली. चुकून नाही. तिनं दाखवू नका म्हटलेलं माझ्या लक्षात होतं. पण मोठ्या बाईंचं नाक खाली करायचं होतं ना मला! साहेब हे वाचतील, चकित होतील, मान डोलावतील, असं चित्र मी महिनाभर रंगवलं होतं. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ती मी.

साहेबांनी वही उघडली, बोट जिभेला लावलं आणि मोठ्यानं वाचायला लागले. एक ओळ निळी, एक ओळ पेन्सिलीची. कीर्तनकारासारखा हात हलवत. पहिल्या ओळीला बायका फिस्सकन हसल्या, कारण सगळ्यांना वाटलं गायीसारखंच काहीतरी असेल. जात्याच्या ओळीला हसू थांबलं. दाताच्या ओळीला मी तिच्याकडे बघितलं. तिनं पदर तोंडाशी घट्ट धरला होता आणि ती माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. तेव्हाचं तिचं सांगणं मला ऐकूच आलं नव्हतं का, असं जोखत असल्यासारखी.

‘वही कोणाची?’ साहेबांनी विचारलं. ती उठली.

साहेबांनी मोठ्या बाईंकडे रजिस्टर मागितलं, नाव शोधलं, त्यावर पिवळं बोट ठेवलं. ‘विधवा, चार वर्षे,’ ते म्हणाले. ‘मग काय हो बाई, गेल्या सालच्या माघात हिच्या नवऱ्यानं दुसरी कुठून आणली? स्मशानातून?’ आणि स्वतःच्याच बोलण्याला हसले.

तेव्हा कळलं मला. सगळं एकदम कळलं. ‘तिकडंच जावं लागंल’ म्हणजे कुठे ते कळलं. मी तोंड उघडायला पाहिजे होतं. साहेब, हा सराव आहे, ह्यातलं खरं धरायचं नसतं, असं एक वाक्य बोलायला काय लागत होतं? वर्षभर त्या बायकांना ‘मनातलं बोला, भिऊ नका’ म्हणून पिडणारी मी, आणि माझ्या तोंडातून ब्र निघेना.

ती बोलली. पदर तोंडावरून काढला आणि सरळ उभी राहून म्हणाली, ‘साहेब, त्ये मी रचलंय. बाईंनीच शिकवलंय. वरच्या वळीखाली मनानं वळ लिवायची. आमच्यात एकीनं गाईवर लिवलंय, तसं मी ह्यावर लिवलं. माझं मालक गेलं त्याला चार सालं झाली.’

‘मनानं?’

‘व्हय जी. समदं मनानंच.’

साहेबांनी चिमूटभर तपकीर ओढली. मग म्हणाले, ‘तोंड उघड.’

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ते परत म्हणाले, ‘उघड की तोंड. दात बघू.’ आणि अठ्ठावीस बायकांच्या देखत, बाजारात बैलाचे बघतात तसे, त्यांनी पुढे वाकून त्या बाईचे दात बघितले. वरचा एक नव्हता. समोरचाच.

‘हा कसा गेला?’

‘आडावर पाय घसरला, साहेब. दगडावर पडले.’

‘आणि तू तो नवऱ्याच्या नावावर खपवलास!’ साहेब खुर्चीत मागे रेलून खदाखदा हसले. ‘वा! वा! पडक्या दाताची गोष्ट केली हिनं. काय कल्पनाशक्ती आहे!’ मग माझ्याकडे वळले. ‘काय हो बाई, कल्पनाच आहे ना ही?’

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. ती सोडून. ती जमिनीकडे बघत होती. ‘होय साहेब,’ मी म्हटलं, ‘कल्पनाच आहे.’

नाही म्हटलं असतं तर तिचं नाव कमी झालं असतं, हे मला कळतं. खोटं बोलल्याचा मला पस्तावा नाही. पण ते माझ्या तोंडून किती सहज निघालं, आणि साहेब ‘उत्तम पद्धत आहे हो तुमची’ म्हणाल्यावर माझी मान कशी आपोआप नम्रपणे लवली, ते मला विसरता येत नाही. त्या मानेची मला किळस येते. माझीच मान, काय करणार!

इथे संपलं असतं तरी बरं झालं असतं. पण साहेबांना उत्साह चढला. ‘शेवट नाही केलास,’ ते म्हणाले. ‘ही शेवटची जागा कोरी का? उद्या तू मुलींना शिकवणार. मुलींसमोर असा निबंध जाऊन कसं चालेल? पत्नीची सहनशीलता बघून पतीला पश्चात्ताप होतो, तो तिच्या पाया पडतो, सवतही तिला थोरली बहीण मानते, असा काहीतरी शोभेसा शेवट कर. मी जेवून येतो. तोवर लिहून ठेव. मग सही करतो.’ एवढं सांगून ते मोठ्या बाईंकडे जेवायला गेले. मोठ्या बाईंनी सकाळपासून पुरण घातलेलं होतं.

बाकीच्या बायका बाहेर गेल्या, आम्ही दोघी वर्गात राहिलो. ती सतरंजीवर, वही मांडीवर. मी खुर्चीवर. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. पेन्सिल कागदाला लागेना. शेवटी मी खाली तिच्याशेजारी जाऊन बसले.

‘लिही गं,’ मी म्हटलं. ‘चार ओळी तर आहेत. काहीही लिही.’

‘न्हाई जमत बाई. तुमी सांगितलं हुतं डोळ्यानं पाहिलेलं लिवायचं. त्यो पाया पडतोय ह्ये मला दिसतच न्हाई. कितीबी डोळे मिटले तरी दिसत न्हाई.’

‘मघाशी म्हणालीस ना, समदं मनानं रचलंय म्हणून. तसंच हेही रच.’

‘मघाशी रचावं लागलं न्हाई,’ ती म्हणाली. ‘मघाशी निस्तं खोटं बोलले.’

पलीकडून मोठ्या बाईंचा आवाज येत होता, ‘आणखी एक घ्या साहेब, लहानच आहे.’ मी तिच्याकडे हात केला. तिनं दिलेली वही मी शेवटच्या कोऱ्या ओळीवर उघडून परत तिच्या मांडीवर ठेवली. मग मी, निबंधाच्या धाकट्या बाईंनी, सरितेला आणि कोकिळेला शिव्या देणाऱ्या बाईंनी, तिला शेवट सांगितला. मी बोलत गेले, ती लिहीत गेली. ‘पत्नीची ती अलौकिक सहनशीलता पाहून पतीच्या नेत्रांतून अश्रुधारा वाहू लागल्या.’ एका दमात आलं मला ते. कुठे अडलं नाही. ‘त्याने तिचे चरण धरले. सवतीने तिला थोरली भगिनी मानिले.’ शोधावं लागलंच नाही काही, सगळं आतच भरलेलं होतं. मी स्वतःचं ऐकत होते आणि मला वाटत होतं, आता उठून मोरीवर जावं आणि घशात बोट घालावं.

लिहून झाल्यावर तिनं विचारलं, ‘बाई, झालं का आता?’

‘झालं,’ मी म्हटलं.

साहेब तोंड पुसत आले, बायका परत सतरंजीवर येऊन बसल्या. तिला उभं राहून शेवट वाचायला लावला. तिनं वाचला. ‘चरण धरले’ वाचताना तिचा आवाज कापला नाही, काही नाही. रेशनच्या रांगेत नंबर पुकारावा तसा वाचला. साहेबांनी टाळी वाजवली, मोठ्या बाईंनी वाजवली, म्हणून वर्गानं वाजवली. मीही वाजवली. साहेबांनी सही केली. वहीवर शेरा मारला, ‘कल्पनाशक्ती उत्कृष्ट. शेवट बोधप्रद.’ जाताना मोठ्या बाईंना म्हणाले, ‘ही पद्धत चालू ठेवा.’ मोठ्या बाई संध्याकाळी माझ्या खोलीवर आल्या आणि आपण होऊन म्हणाल्या की माझं चुकलंच होतं गं, तुझी युक्ती चांगली आहे. मला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. मी त्या रात्री जेवले नाही.

पाथर्डीवालीनं मला एका शब्दानं बोल लावला नाही. तिनं भांडायला पाहिजे होतं. चार शिव्या घालायला पाहिजे होत्या. मी दोनदा विषय काढायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा ती म्हणाली, ‘असू द्या बाई, सही तर मिळाली न्हवं.’ दुसऱ्यांदा नुसती हसली, तोंड मिटून. पुढचे दोन महिने ती निबंधाच्या तासाला नेमानं यायची आणि वरची ओळ जशी असेल तशीच खाली उतरवून काढायची, अक्षर न् अक्षर. मी ‘बरोबर’ म्हणून खूण करायचे.

जूनमध्ये तिला नोकरीचा हुकूम आला. कोपरगावाकडे, एका साखर कारखान्याच्या वसाहतीतल्या शाळेत. तिच्या गावापासून लांब, तिला हवं होतं तसंच. मी तिला मोटार स्टँडवर पोचवायला गेले. कोण्या विद्यार्थिनीला पोचवायला मी आधी कधी गेले नव्हते. बरोबर एक कोरी वही नेली होती. शंभर पानी, नवी कोरी. त्या दिवसांत ती मिळवायला मला कुठे कुठे हात पसरावे लागले ते मलाच माहीत.

तिनं वही दोन्ही हातांनी घेतली. पान उलटून कागद बघितला. ‘लई चांगली हाय,’ ती म्हणाली. ‘पोरींच्या हजेरीला व्हईल. तितं कागद मिळतोय का न्हाई, कुनाला ठावं.’

‘हजेरीला नाही गं,’ मी म्हटलं. ‘तुझ्यासाठी आहे. तू लिही. तुझ्या मनातलं. वर कोणाची ओळ नाही आता. मला पाठवू नकोस, कोणाला दाखवू नकोस, पण लिहीत राहा.’

मोटारीचा क्लीनर हाका मारत होता. तिनं वही ट्रंकेत कपड्यांच्या खाली ठेवली, कडी लावली आणि उभी राहिली.

‘न्हाई बाई,’ ती म्हणाली. ‘लिवलं की कुनीतरी वाचतं.’

मोटार भरत आली होती. तिला खिडकीपाशी जागा मिळाली नाही, म्हणून ती आत दोन बायकांच्या मधे सरकून बसली.